यंदाचा कौल कुणाला

६ जानेवारी

मनी,

आधी अभिनंदन, मग बाकीचं. लेखक संघाने काल पटकथेच्या पुरस्कारासाठी पाच नावं जाहीर केली, ती आज सकाळी छापून आली. त्यात तुझं नाव दिसलं आणि मी चहा तसाच ठेवून, वर्तमानपत्र हातात धरून उभी राहिले. उभं राहून काय होणार होतं कोण जाणे. मग खालच्या ओळीत आमच्या चिरंजिवांचंही नाव दिसलं आणि मी परत खाली बसले.

म्हणजे पाचांत एक माझा मुलगा आणि एक माझी सून. माजी सून. हा 'माजी' शब्द मंत्र्यांना शोभतो, सुनेला लावला की जिभेवर खडा आल्यासारखं होतं.

घर सोडताना तू मला म्हणाली होतीस, "अहो आई, मी तुम्हाला फोन करणार नाही, तुम्हीही करू नका. तुमचा आवाज ऐकला की मला परत यावंसं वाटेल, आणि मला परत यायचं नाहीये." मी ते ऐकलं. इतकी वर्षं एकदाही फोन केला नाही, तुझ्या वाढदिवसालासुद्धा नाही. पण पत्राबद्दल तू काहीच बोलली नव्हतीस. ही पळवाट मला आज सकाळी सापडली.

आता कामाचं. मासिकातलं माझं 'आमचा कौल' अजून चालू आहे. संकलनाच्या टेबलावरून उठले, कात्री ठेवली आणि घरी बसून डोकं फिरेल म्हणून ते सुरू केलं होतं, आठवतं ना? पटकथेचा पुरस्कार कुणाला मिळणार ते निकालाआधी सांगायचं, आणि का ते लिहायचं. तू चिडवायचीस, "अहो आई, तुम्ही सरळ ज्योतिषाचं दुकान टाका." तर त्या दुकानाचे मालक, म्हणजे आमचे संपादक, यांचा नऊ वाजताच फोन. आवाजात नुसत्या उकळ्या फुटत होत्या. "बाई, घरचाच सामना! मुलगा की सून? अंक हातोहात जाईल!"

मी म्हटलं, "यंदा मला वगळा."

ते म्हणाले, "यंदाच तर तुम्ही हव्यात."

अजून हो म्हटलेलं नाही. तुझा सिनेमाही अजून पाहिलेला नाही. पाहिला की लिहीन. उत्तर नाही आलं तरी चालेल, तू ते वाचलंस एवढं मी धरून चालेन.

तुझी (या पुढे काय लिहायचं ते ठरलं की लिहीन)


१४ जानेवारी

मनी,

पाहिला.

कामाचा दिवस, दुपारचा खेळ, पहिल्या रांगेतली अगदी कडेची खुर्ची. तिथे बसून मान वळवली की पडद्यापेक्षा माणसं नीट दिसतात. ही माझी खोड तुला माहीत आहे. सिनेमा मी नंतर पाहते, आधी माणसं पाहते. आयुष्यभर टेबलावर फिल्म कापली, तेव्हा कुठे कापायचं हे कळायचं, पण जिथे कापायचं नाही ते मला नेहमी थिएटरात बसलेल्यांनीच सांगितलं.

चिरंजिवांचा सिनेमा मी आधीच्या आठवड्यात पाहिला होता. दोन घटस्फोटित वकील एका गाडी लावायच्या जागेवरून भांडतात, तो. लोक पोट धरून हसत होते. वाक्यावर वाक्य, टोल्याला टोला. चांगला आहे. त्याची आई असूनही सांगते, खरंच चांगला आहे.

तुझ्या सिनेमाला पहिला अर्धा तास माझ्या मागचा माणूस कुरुमकुरुम वेफर्स खात होता. मग तो प्रसंग आला. ऐकू येण्याची यंत्रं दुरुस्त करणारं ते चिंचोळं दुकान. म्हातारा बाप कानातलं यंत्र काढून कारागिराच्या हातात देतो आणि बाकावर बसून राहतो. आता त्याला काही ऐकू येणार नाही. आणि त्याच्यामागे उभी असलेली मुलगी बोलायला लागते. "बाबा, मी तुमची काळजी घ्यायला आले असं सगळ्यांना सांगते. खोटं आहे. माझं दुसरीकडे कुठेच जमलं नाही, म्हणून आले." कारागिराच्या हातातला स्क्रूड्रायव्हर थांबतो. बिचाऱ्याला कुठे बघावं कळत नाही. आणि बापाच्या समोर काचेचं कपाट आहे, त्यात मुलीचे हलणारे ओठ दिसतायत, हे तू आम्हाला एकदाच दाखवतेस आणि पुढे सरकतेस. यंत्र दुरुस्त होतं. बाप ते कानात घालतो, उठतो आणि म्हणतो, "चल. तुझ्या खोलीला पडदे घ्यायचे राहिलेत."

मनी, वेफर्सवाल्याचा हात पुड्यातच राहिला. माझ्या रांगेतल्या एका बाईने शेजारच्या वडिलांकडे वळून पाहिलं आणि मग पाहिलंच नाही असं केलं. कुणी नाक ओढलं नाही, कुणी हसलं नाही. थिएटर नुसतं गप्प बसलं होतं. एवढी माणसं एकदम गप्प बसवणं हसवण्यापेक्षा कितीतरी कठीण असतं, हे मी तुला सांगायला नको.

आणि मी? मला हा प्रसंग माहीत होता. माझ्या स्वयंपाकघरात, मी भाजी निवडत असताना, तू हातातली पानं सावरत तो मला वाचून दाखवला होतास. चिरंजीव तेव्हा चित्रीकरणाला बाहेरगावी होते. पण तेव्हा पडदे नव्हते! तेव्हा बाप मागे वळून मुलीला जवळ घेऊन रडायचा. मला ते बरं वाटलं होतं, मी डोळेसुद्धा पुसले होते. तो रडणारा बाप तू कधी काढून टाकलास? कशी हिंमत झाली तुझी? हातात कात्री असती तरी मला तो काढवला नसता. मी एवढी वर्षं दुसऱ्यांचे सिनेमे सुधारले असं मला वाटायचं. त्या एका वाक्याने माझा सगळा तोरा उतरवला. आणि मला इतका आनंद झाला की मी बाहेर येऊन परत आत गेले. पुढच्या खेळाला.

संपादकांना हो सांगितलंय.

तुझी,
अहो आई (तूच ठेवलेलं नाव आहे, ते कोर्टाने काढलेलं नाही)


२२ जानेवारी

मनी,

हे पत्र लिहावं की नाही यात दोन दिवस गेले. पण तुझ्या कानावर आलंच असेल.

कौल लिहायच्या आधी मी दरवर्षी संघाच्या कँटीनमध्ये जाऊन बसते. मतं देणारे सगळे तिथेच चहा पितात. परवा गेले, तर मधल्या मोठ्या टेबलावर संवादसम्राट बसलेले. त्यांना हे नाव त्यांनी स्वतःच दिलंय असा माझा जुना संशय आहे. सगळं टेबल त्यांच्या तोंडाकडे बघत होतं. ते म्हणत होते, "अहो, वर्षानुवर्षं जोडीने लिहिलंय त्यांनी. जोडगोळी म्हणायचो आपण. त्यातली ही आता एकटी लिहिणार? कपाटात त्याचंच एखादं जुनं बाड असणार, घटस्फोटात हिच्या वाटणीला आलं."

टेबल हसलं. मी मागे उभी आहे हे कुणाच्या लक्षात नव्हतं.

मी म्हटलं, "आणि तुमच्या वाटणीला काय आलं हो? नुसता चहाच?"

मग ते उठून मला खुर्ची द्यायला लागले, बाई बसा, बाई घ्या. पण मनी, बोलणं फिरलं ते फिरलंच. दुसऱ्या टेबलावरही तेच. कुणाच्या मनात खोट आहे असं नाही. तुम्ही दोघांनी इतकी वर्षं एकत्र नाव लावलं की लोकांना तुम्ही वेगळे दिसतच नाहीत. आणि दोघांतलं एक नाव पुसायचं म्हटलं की हात आपोआप बाईच्या नावाकडे जातो.

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झालाय. बक्षीस मिळो न मिळो, पण हे एकदा चिकटलं की पुढे तू काहीही लिहिलंस तरी लोक त्यात त्यालाच शोधत बसतील. आणि चिरंजीव गप्प आहेत. त्यांच्या कानावर नसेल असं होणार नाही.

म्हणून विचारते. तो प्रसंग तू मला वाचून दाखवलास तेव्हा तो घरात नव्हता, गावात नव्हता. हे माझ्या कौलात लिहू का? माझ्या नावाने, उघड. खुद्द त्याची आई सांगतेय म्हटल्यावर कोण तोंड उघडेल? तू फक्त हो म्हण.

अहो आई


३० जानेवारी

मनी,

तुझं कार्ड आलं. एवढ्या वर्षांनी तुझं अक्षर! आधी मी फक्त अक्षरच पाहिलं, वाचलं नंतर.

"अहो आई, नका लिहू. माझं लिखाण माझं आहे हे सांगायला साक्षीदार लागत असेल तर ते पुरतं माझं नाही. नेहमीसारखा कौल द्या. मी हरेन असं वाटलं तर तसं लिहा."

पहिल्यांदा राग आला. म्हटलं, ही बया हट्टी ती हट्टीच. मग संध्याकाळपर्यंत मला तुझा इतका अभिमान वाटायला लागला की शेजारच्या डॉक्टरीणबाईंना ते कार्ड दाखवून आले. त्यांना काही कळलं नाही, पण छान आहे म्हणाल्या.

तर साक्ष दिलेली नाही. स्वयंपाकघराचा स सुद्धा नाही. पण मी संकलक आहे, आणि तुम्हा दोघांचे प्रसंग मी माझ्या या हातांनी कापलेले आहेत. नाव जोडीचं असलं तरी कुठला प्रसंग कुणाचा ते मला टेबलावर लगेच कळायचं. ते लिहायला तू बंदी केलेली नव्हतीस. (पळवाटा शोधण्यात मी आता तरबेज झालेय.) अंक पाच तारखेला येईल, पण तू माझ्याकडूनच आधी वाचावंस म्हणून इथे उतरवते:

'माझ्या मुलाच्या प्रसंगात माणसं दारावरची बेल वाजवून येतात आणि निरोप घेऊन जातात. विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देतात, आणि ते उत्तर इतकं झकास असतं की टाळी पडते. टेबलावर त्याच्या प्रसंगाचं शेपूट मला नेहमी छाटावं लागायचं. या दुसऱ्या लेखिकेची माणसं येतात तेव्हा चहा आधीच गार झालेला असतो. त्यांना एक विचारा, ती दुसऱ्याचंच उत्तर देतात, आणि घरी गेल्यावर कळतं की तेच खरं उत्तर होतं. तिच्या प्रसंगातून मी एकदा फिल्मच्या दोन चौकटी काढून पाहिल्या, तर सगळा प्रसंग लंगडायला लागला. मी त्या निमूटपणे परत जोडल्या. पडद्यांचं ते वाक्य माझा मुलगा लिहूच शकला नसता. त्याच्या बापाने मुलीला उत्तर दिलं असतं.

'कँटीनमध्ये वारं माझ्या मुलाच्या बाजूने आहे. पण मत कँटीनमध्ये देत नाहीत. मत घरी, एकट्याने देतात. आणि लेखक माणूस एकटा असला की ज्याचं कौतुक वाटतं त्याला मत देत नाही, ज्याचा जळफळाट होतो त्याला देतो. हे मला का नाही सुचलं, असं त्या पडद्यांच्या वाक्याला किती जणांना वाटलं असेल? माझा कौल तिला.'

लिहून झालं, आणि पाकिटात घालून दोनदा परत बाहेर काढलं. पोटच्या पोराला काय जमत नाही ते छापून आणायचं, आणि तेही त्याच्या एवढ्या मोठ्या वर्षात. पण खोटं एक अक्षर नाही त्यात. हरलीस तर माझं दुकान बंद, एवढंच.

अहो आई


८ फेब्रुवारी

मनी,

चिरंजीव काल येऊन गेले. हातात अंकाची सुरळी. मी चहा टाकला. तो ओट्याला टेकून उभा राहिला, लहानपणी प्रगतिपुस्तक आणलं की राहायचा तसा.

"आई, तू सगळ्या जगाला सांगितलंस की माझ्या माणसांना गप्प बसता येत नाही."

"येतं का?"

त्याने हातातली सुरळी उलगडून परत गुंडाळली. मग म्हणाला, "नाही."

मग हसला. मला वाटलं, सुटले. पण मग मीच विचारलं, "तिच्याबद्दल लोक काय बोलतायत ते तुला माहीत आहे?"

"आहे."

"मग?"

"मग काय? मी उठून सांगितलं की बाबांनो, त्यात माझं काही नाही, तर लोक काय म्हणतील? बघा, किती मोठ्या मनाचा माणूस. टाळ्या मलाच. तिला काय मिळेल त्यातून?"

"आणि नाही सांगितलंस तर?"

तो चहा प्यायला. कप विसळून ठेवला, जे तो एरवी कधी करत नाही. आणि गेला.

मनी, त्याचं म्हणणं अगदीच चुकीचं नाही, हेच मला जास्त छळतंय. पण प्रत्येक गोष्टीत आपण कसे दिसू हे आधी बघणारा माणूस बाजूला होणार कधी? मी चिडलेय त्याच्यावर. मुलगा आहे, टाकून देता येत नाही, पण चिडलेय. मतदान पुढच्या आठवड्यात संपतंय, आणि समारंभाला मासिकाने मला पास दिलाय. त्याच्या बरोबर मागच्या खुर्चीवर बसवलंय. संपादकांची करणी, दुसरं काय. फोटो हवा असणार त्यांना.

तू ये. हरायची भीती वाटली तरी ये. मला तुला लांबून का होईना, बघायचंय.

अहो आई


२१ फेब्रुवारी, सकाळ

मनी,

जिंकलीस! जिंकलीस गं! माझा कौल बरोबर आला याचा आनंद मला झालेला नाही असं म्हणणार नाही, झालाय, चांगला मणभर झालाय. पण तू त्या राखाडी साडीत पायऱ्या चढत होतीस तेव्हा मला कौलाची आठवणसुद्धा नव्हती. किती बारीक झालीयेस. किती सरळ चालत होतीस.

पण हे पत्र त्यासाठी नाही. समारंभ संपल्यावर मी तुला गाठायला धडपडत होते, पण तुझ्याभोवती इतकी गर्दी होती, आणि मग तू निघूनच गेलीस. म्हणून आज उठल्या उठल्या लिहायला बसलेय. तू वर उभी होतीस, दिवे थेट तुझ्या डोळ्यांवर होते. खाली काय झालं ते तुला नीट दिसलं नसणार, आणि जेवढं दिसलं त्याचा तू भलताच अर्थ लावला असशील. तुझा चेहरा पडलेला मी पाहिला.

त्या सूत्रसंचालकाने तुझं नाव पुकारलं आणि मग त्याला विनोद सुचला. "शेवटी बक्षीस घरातच गेलं की! आता जोडगोळी वेगळी कशी काय उभी करायची? या, दोघंही या वर!" त्याच्या मनात काही वाईट नव्हतं, तो सगळ्यांनाच असं चिडवत होता. सभागृह खळखळून हसलं आणि टाळ्यांवर टाळ्या पडायला लागल्या. दोघांसाठी. कॅमेरा त्याच्यावर आला. मोठ्या पडद्यावर त्याचा चेहरा, एवढा थोरला. त्याच्या शेजारी संवादसम्राट. ते त्याच्या कोपराला धरून उठवायला लागले, "ऊठ की, बोलावतायत, ऊठ!" पुढच्या रांगेतले लोक वळून, हात करून त्याला जा जा म्हणत होते. तू वर बक्षिसाच्या शेजारी थांबलेली, आमच्या दिशेने बघत. आणि तो उठेना.

तुला वाटलं असेल, हरला म्हणून फुगून बसलाय. एवढ्या लोकांसमोर साधं अभिनंदन करायलाही उठला नाही. तुझ्या जागी मी असते तर मलाही तसंच वाटलं असतं.

मी मागेच होते. त्याची मान मला दिसत होती, लालबुंद झालेली. तो हरला होता, मनी. तीन मिनिटांपूर्वी हरला होता, आणि आता तेच बक्षीस कुणीतरी हात धरून त्याला देत होतं. नुसतं उभं राहायचं होतं. हसत हसत वर गेला असता, तुझ्या शेजारी उभा राहिला असता, फोटो निघाला असता, आणि आज सकाळी सगळ्या वर्तमानपत्रांत ते बक्षीस अर्धं त्याचं झालं असतं. कुणालाच खटकलं नसतं. उलट लोक म्हणाले असते, किती छान, अजून मैत्री आहे.

त्याने संवादसम्राटांचा हात कोपरावरून काढला. आवाज चढवला नाही. भाषण नाही, टोला नाही, टाळी घ्यायची तर मुळीच नाही. पण आमच्या दोन्ही रांगांनी ऐकलं.

"मी कशाला जाऊ? मी तो सिनेमा तिकीट काढून पाहिलाय."

संवादसम्राट मागे टेकून बसले. तो येत नाही असं पाहून सूत्रसंचालकाने बक्षीस तुला एकटीला दिलं.

हे तुला दुसरं कुणी सांगणार नाही. तो तर मुळीच सांगणार नाही. आणि तू खाली उतरेपर्यंत तो बसल्या जागेवरून टाळ्या वाजवत होता, बाकीच्यांच्या थांबल्या तरी.

अहो आई